घर घेण्याआधी महिन्याची परीक्षा: रायपूरच्या महाराष्ट्र मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र मंडळ, चौबे कॉलनी, रायपूर

विषय: गृहकर्ज घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी मंडळात सल्लाकेंद्र सुरू करण्याबाबत



१९३५ मध्ये स्थापन झालेले आपले मंडळ या शहरातल्या मराठी माणसाच्या अडीअडचणीला धावून जाते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. शाळा चालवणे, दिव्यांग मुलींना निवारा देणे ही कामे मंडळाने गाजावाजा न करता केली. म्हणूनच आज एक नवी जबाबदारी मंडळाने अंगावर घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र खुले ठेवले, कारण विषय आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. निवृत्तीनंतर ओळखीतली मुले-मुली कागद घेऊन घरी येतात. प्रश्न बहुधा एकच असतो: "मावशी, बँकेने तीस लाख मंजूर केलेत. म्हणजे घर घ्यायला हरकत नाही ना?"

हरकत आहे की नाही, हे त्या मंजुरीपत्रावरून कळत नाही. बँक पाहते ती आपले पैसे सुखरूप परत येतील का, एवढेच. पगाराच्या चिठ्ठ्या, आधीचे हप्ते, सिबिल स्कोअर, मालमत्तेचे कागद तपासले जातात. बहुतेक ठिकाणी पगाराच्या निम्म्याच्या आसपास हप्ता बसला की फाइल पुढे सरकते. सासऱ्यांच्या डायलिसिसचा खर्च, मुलीच्या कोचिंगची फी, गावाकडे पाठवायचे पैसे यांसाठी त्या फॉर्मवर रकाना नसतो. आणि समजा हप्ते थकलेच, तर बँकेच्या हातात घर असते. सलग ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते, त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते. बँकेची जोखीम अशी बांधून घेतलेली असते. कुटुंबाची जोखीम कुटुंबानेच तपासायची असते, आणि ती तपासायला आपल्याकडे कोणी शिकवत नाही.

पूर्वी त्याची गरजही कमी होती. तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा या भागांत आपली जुनी घराणी राहिली ती वडिलोपार्जित वाड्यांत. कोणी भोसल्यांच्या काळात आलेले, कोणी पुढे रेल्वे, वकिली किंवा शिक्षकीच्या निमित्ताने. वाड्यांच्या वाटण्या झाल्या आणि आजची पिढी कचना, सड्डू, सेजबहार, अमलीडीह, बोरियाकला इथे फ्लॅट नाहीतर प्लॉट बघते आहे. हातात वीस वर्षांचे कर्ज. ज्यांच्या आईवडिलांनी कधी बँकेचा हप्ता भरला नाही, अशा मुलांना घरात विचारायला माणूस नाही. त्यांच्या वाटेला चार धक्के येऊ शकतात. ते चारही मी फाइलींत पाहिले आहेत, म्हणून एकेक सांगते.

पहिला धक्का व्याजदराचा.

मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. २०२१ मध्ये गृहकर्ज पावणेसात टक्क्यांच्या आसपास मिळू लागले, आणि 'इतके स्वस्त पुन्हा मिळणार नाही' म्हणून अनेकांनी घाईने सह्या केल्या. मे २०२२ पासून दर चढू लागले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहा टक्के झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ.

अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. खातेउताऱ्यावर ते कसे उतरतात पाहा. समजा ३० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, दर ६.७५ टक्के. हप्ता बसतो २२,८११ रुपये. वर्षभर नियमित भरल्यावर मुद्दल उरते सुमारे २९ लाख २६ हजार. आता दर ९.२५ टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर पुढच्या महिन्याची ओळ अशी दिसेल: भरणा २२,८११, पैकी व्याज २२,५५९, मुद्दलात जमा २५२ रुपये. त्या दराने आणि त्या हप्त्याने कर्ज फिटायला जवळजवळ ४९ वर्षे लागतील. प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने चढले आणि बँकांनीही कुठे ना कुठे हप्ता वाढवला, त्यामुळे प्रत्येकाचे आकडे वेगळे. पण आधी मुदत वाढवायची आणि हप्त्याला हात लावायचा नाही, हा प्रकार सर्रास झाला. खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच राहिल्याने कित्येकांना आपली मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेल्याचा पत्ताच नव्हता.

१८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत परिपत्रक काढले. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. किती हप्ते उरले, आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झाले, याचे विवरण दर तिमाहीला मिळाले पाहिजे. हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी अवस्था येता कामा नये. हे अधिकार आपल्याला आहेत. मी विचारते तेव्हा दहांतले आठ जण म्हणतात की असे काही त्यांनी ऐकलेले नाही.

२०२५ मध्ये दर पुन्हा उतरले आणि डिसेंबरपर्यंत रेपो सव्वापाच टक्क्यांवर आला. म्हणजे घाईच्या सह्यांचा हंगाम पुन्हा आला आहे, आणि म्हणूनच हे पत्र आत्ता लिहिते आहे.

दुसरा धक्का कमाईचा.

आपल्या समाजातली बरीच मुले उरला-सिलतराच्या कारखान्यांत, खासगी रुग्णालयांत, शाळांत, दुकानांत काम करतात. सिलतराचे पोलाद तेजीत असते तेव्हा ओव्हरटाइम मिळतो, मंदीत पाळ्या कमी होतात. जुलै २०२४ च्या शेवटी वीजदरवाढीच्या निषेधात राज्यातल्या अनेक मिनी स्टील कारखान्यांनी उत्पादन थांबवले होते. कंत्राटावरच्या माणसाच्या घरात अशा बातमीचा अर्थ लगेच कळतो. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. पुष्कळांनी ती माफी समजून घेतली. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांचे व्याज चढतच होते, ते मुद्दलात मिसळले आणि मुदत लांबली.

नवराबायको दोघांच्या पगारावर कर्ज काढताना आणखी एक गोष्ट लपून राहते. बाळंतपण, लहान मूल, सासूबाईंचे आजारपण, यांत जवळजवळ प्रत्येक घरात एक पगार कधी ना कधी थांबतो, आणि तो बहुधा बाईचाच थांबतो. दोन पगारांवर बेतलेला हप्ता तेव्हा एका पगारावर येतो. ही आपत्ती नव्हे, संसाराचा नेहमीचा क्रम आहे. अंदाजपत्रकात तो आधीच धरायला हवा.

तिसरा धक्का कागदांचा आणि बांधकामाचा.

महाराष्ट्रातून इथे स्थायिक झालेली कुटुंबे या बाबतीत हमखास गोंधळतात. तिकडचा सातबारा इकडे नाही. इथे बी-१ आणि खसरा पाहायचा, तो 'भुइयां' पोर्टलवर दिसतो. तिकडच्या एनएच्या जागी इथे डायव्हर्शन. नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी वेगळी, नगर निगमाची बांधकाम परवानगी वेगळी, आणि २०२५ पर्यंत रजिस्ट्रीनंतरचे नामांतरणही वेगळे होते. शहराच्या कडेला शेतजमिनीत मुरमाचा रस्ता टाकून, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले जातात. भाव स्वस्त, बयाणा रोख. काही महिन्यांनी निगमाचा जेसीबी येतो आणि रस्ता उखडून जातो. पाच डिसमिलपेक्षा लहान शेतजमिनीच्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीवर २०२५ मध्ये राज्याने पुन्हा निर्बंध आणले ते अशाच प्रकारांमुळे. ज्याने आयुष्याची पुंजी त्या तुकड्यात घातली, त्याला निर्बंधांचा उपयोग नाही. त्याला सही करण्याआधी कोणीतरी थांबवायला हवे होते.

फ्लॅटच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्याने बरेच संरक्षण दिले. प्रकल्प छत्तीसगढ रेराकडे नोंदलेला आहे का, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात राहायला हवेत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. हे सगळे खरे, तरी कायद्याने मिळणारा न्याय आणि महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता यांचे वेळापत्रक जुळत नाही. दिल्लीजवळ नोएडा आणि ग्रेटर नोएडात आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत हजारो कुटुंबे अडकली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरी घरे पुरी करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिले. तोवर कित्येकांनी वर्षानुवर्षे राहत्या घराचे भाडे आणि न मिळालेल्या घराचा हप्ता असे दोन्ही भरले होते. बांधकाम चालू असलेल्या घराची नोंदणी करताना 'भाडे आणि हप्ता दोन्ही किती महिने झेपतील?' हा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

जागाही नीट पाहावी लागते. रायपूर हे तलावांचे गाव. त्यातले किती बुजले याचा हिशेब जुन्या माणसांना विचारा. आज जिथे रजबंधा मैदान आणि प्रेस कॉम्प्लेक्स आहे, तिथे तलाव होता. सखल जागेवरच्या कॉलनीत जानेवारीत फ्लॅट पाहिला तर सगळे छान दिसते. तीच कॉलनी ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाहावी, आणि मे महिन्यात बोअरला पाणी किती असते ते शेजाऱ्यांना विचारावे.

चौथा धक्का घर ताब्यात आल्यावरचा. हा छोटा वाटतो, पण दर महिन्याला बसतो.

भाड्याच्या घरात पंप जळाला तर मालकाला फोन करतो. स्वतःच्या घरात मालक आपणच. सोसायटीचा मेंटेनन्स, संपत्तिकर, पाण्याची मोटर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, लिफ्टच्या दुरुस्तीचा वाटा. कॉलनी निगमाकडे हस्तांतरित झाली नसेल तर अंतर्गत रस्ते आणि पथदिवे यांचा भारही रहिवाशांवर. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या गावात सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त का मिळतो, ते पहिल्या उन्हाळ्याच्या बिलावरून कळते. आणि विजेच्या सवलतीवर किती विसंबायचे, तेही आपण नुकतेच पाहिले. २०१९ पासून ४०० युनिटपर्यंत निम्मे बिल, अशी योजना होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मर्यादा १०० युनिटवर आली, ओरड झाल्यावर डिसेंबरपासून २०० केली. रजिस्ट्रीचेही तसेच. २०१९ मध्ये जमिनीच्या गाइडलाइन दरांत ३० टक्के सूट दिली गेली, ती मार्च २०२४ अखेर संपली. सरकार कोणतेही असो, सवलत येते तशी जाते. वीस वर्षांचे कर्ज सवलतीच्या भरवशावर घ्यायचे नसते.

'अडचण आलीच तर विकून टाकू' हे वाक्य मी फार ऐकले आहे. घर म्हणजे सोने नव्हे, की सराफ्यात नेले आणि संध्याकाळी पैसे घेऊन आलो. राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडेसुद्धा वर्षानुवर्षे न विकलेली घरे पडून होती आणि २०२५ मध्ये मोठी सवलत जाहीर करून ती विकायला काढावी लागली. सरकारी मंडळ थांबू शकते. हप्ता थकलेला माणूस थांबू शकत नाही, म्हणून तो पडेल भावाने विकतो.

आता उपाय. मी येणाऱ्या मुलांकडून एक परीक्षा करून घेते. तिला शिक्षण लागत नाही, वही-पेन पुरते. नमुन्यादाखल एक घर घेऊ. नवरा सिलतऱ्यात सुपरवायझर, हातात ४८ हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, २२ हजार. एकूण ७० हजार. सध्या भाडे १२ हजार. किराणा, मुलांची फी, आईबाबांची औषधे, पेट्रोल, वीज, सण मिळून ३० हजार. फ्लॅट साडेसदतीस लाखांचा, कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षे, दर ८ टक्के. हप्ता २५,०९३ रुपये.

पहिली पायरी, घराचा खरा महिना काढायचा. हप्त्यात मेंटेनन्सचे २,५००, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे २,५००, कर आणि घराच्या विम्याचे मिळून ७०० मिळवायचे. बेरीज ३०,७९३. कर्जाच्या जाहिरातीत २५ हजार दिसतात, घर मागते ३१ हजारांच्या जवळ.

दुसरी पायरी, घर घेण्याआधी तो महिना जगून पाहायचा. या घराचा खरा महिना भाड्यापेक्षा सुमारे १८,८०० रुपयांनी जड आहे. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिला हात लावायचा नाही. असे सलग सहा महिने, आणि त्यांत दिवाळी किंवा शाळेची फी भरायचा महिना आला पाहिजे. पैसे काढावे लागले, क्रेडिट कार्ड वापरावे लागले, भावाकडून उसने घ्यावे लागले, तर उत्तर मिळाले. जमले तर सहा महिन्यांत एक लाख तेरा हजारांच्या आसपास शिल्लक हातात येते. पहिली पायरी कागदावरची आहे, ही मनाची आहे. सिनेमा, हॉटेल, सासरमाहेरचे आहेर, यांत किती आवळून घ्यावे लागते आणि त्यावरून घरात किती चिडचिड होते, ते या सहा महिन्यांतच समजते. सही केल्यावर समजले तर उपयोग नाही.

तिसरी पायरी, दर अडीच टक्क्यांनी चढवून पाहायचे. २०२२-२३ मध्ये जे झाले तेच पुन्हा झाले असे धरायचे. साडेदहा टक्क्यांनी हप्ता होतो २९,९५१. आपल्या नमुन्याच्या घरात ८ टक्क्यांना सगळा खर्च जाऊन ९,२०७ रुपये उरत होते. आता उरतात ४,३४९. त्यातून मुलांचे उच्च शिक्षण, दोघांचे म्हातारपण आणि आयुर्विम्याचा हप्ता भागवायचा आहे. नाही भागत.

चौथी पायरी, मोठा पगार सहा महिने बंद झाला असे मांडायचे. घरखर्च ३० हजार, हप्ता २५,०९३, मेंटेनन्स २,५००, मिळून ५७,५९३. शिक्षिकेचे २२ हजार वजा केले की दरमहा तूट ३५,५९३, सहा महिन्यांची सुमारे २ लाख १४ हजार. एवढी रक्कम डाउन पेमेंट, रजिस्ट्री, वकील, पार्किंग, मीटर, पडदे सगळे झाल्यावर खात्यात उरली पाहिजे. बहुतेक घरांत इथेच घोडे अडते, कारण शेवटचा रुपयासुद्धा डाउन पेमेंटला लावलेला असतो. आईचे दागिने आणि पीएफची रक्कम ही आणीबाणीची शिल्लक म्हणून दाखवली जाते. तीही चालत नाही, कारण ती बहुधा आधीच खर्ची पडलेली असते.

पाचवी पायरी, कमावता माणूसच गेला तर काय. कर्जाच्या रकमेएवढा साधा टर्म विमा आधी काढावा. बँकेत कर्जासोबत एकरकमी विमा पुढे करतात, त्याचा हप्ता बऱ्याचदा कर्जातच घालतात आणि त्यावर वीस वर्षे व्याज भरले जाते. घेण्याआधी दोन्हींची तुलना करावी. आग, पूर, भूकंप यांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते.

ही परीक्षा कोणी नापास झाले तर घराचे स्वप्न सोडून द्यावे, असे मी कधीच म्हणत नाही. मागे गणेशोत्सवात एक तरुण जोडपे मला भेटले. मोबाइलवर मंजुरीपत्र, तीस लाख. कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या बाकावर बसून आम्ही हाच हिशेब केला. मुलगी गप्प होती. मग तिने विचारले, "चोवीस लाखांचे घेतले तर?" आम्ही मांडून पाहिले. चोवीस लाखांचा हप्ता ८ टक्क्यांना २०,०७५. दर साडेदहा झाला तरी २३,९६१, म्हणजे तीस लाखांच्या आजच्या हप्त्यापेक्षाही कमी. त्यांनी मोठ्या बाल्कनीचा नवा फ्लॅट सोडला आणि जुन्या सोसायटीत, पाण्याची खात्री असलेला दोन खोल्यांचा शोधायला घेतला. तीस लाख मंजूर झाले म्हणजे तीस लाख घ्यावेच लागतात असे नाही, ही गोष्ट त्यांना त्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

दुसरा मार्ग थांबण्याचा. दोन वर्षे त्या वेगळ्या खात्यात पैसे टाकत राहिले तर डाउन पेमेंट वाढते, कर्ज घटते. आणि घर घेतल्यावर दर उतरले तर हप्ता कमी करून घेण्याऐवजी तोच चालू ठेवावा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही, तेव्हा बोनसचे पैसेही मुद्दलात टाकता येतात.

थांबायला मात्र समाजाचीही साथ लागते, आणि इथे आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःकडे पाहायला हवे. लग्नाच्या बोलणीत 'मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे का?' हा प्रश्न आपणच विचारतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याकडे बघण्याची आपली नजर तो मुलगा ओळखतो, आणि मग लग्नाआधी घाईघाईने सही करतो. त्या घाईची किंमत पुढे सून आणि मुलगा मिळून फेडतात. 'फ्लॅट आहे का' याऐवजी 'कर्ज किती आहे आणि अडीनडीला शिल्लक किती आहे' असे विचारले तर मुलीच्या संसाराची जास्त काळजी घेतल्यासारखे होईल.

आता मंडळाकडे माझे मागणे.

महिन्यातून एक रविवार मंडळाच्या सभागृहात गृहकर्ज सल्लाकेंद्र भरावे. आपल्या सभासदांत निवृत्त बँक कर्मचारी, वकील, सिव्हिल इंजिनिअर, सीए आहेत. त्यांनी पाळीपाळीने दोन तास द्यावेत. वकिलांनी बी-१, खसरा, डायव्हर्शन आणि रेरा नोंदणी पाहावी, इंजिनिअरने ओल आणि पाणी, आम्ही बँकवाल्यांनी कर्जाचे कागद.

वर मांडलेल्या पाच पायऱ्यांचा एक पानी तक्ता मराठीत आणि हिंदीत छापावा. हिंदीत यासाठी की शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबालाही तो हवा आहे, आणि ज्या गावाने आपल्याला सामावून घेतले त्याच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे. तक्ता माणसाने घरी नेऊन भरावा. कोणाचा पगार किती, कर्ज किती, याची मंडळात नोंद ठेवू नये. लाज वाटेल या भीतीने लोक येत नाहीत, ती भीती आधी काढून टाकावी.

या उपक्रमाला कोणत्याही बिल्डरचे, बँकेचे किंवा विमा कंपनीचे प्रायोजकत्व घेऊ नये. बॅनर नको, चहासुद्धा नको. ज्याचा माल विकायचा आहे त्याच्या पैशाने ग्राहकाला खरा सल्ला देता येत नाही. छपाईचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघेल, कमी पडला तर पहिल्या वर्षाचा मी देईन.

ज्यांचे कर्ज आधीच चालू आहे त्यांनाही या केंद्रात बोलवावे. त्यांनी फक्त शेवटचे तिमाही विवरण आणावे. किती हप्ते उरले ती ओळ आपण त्यांच्यासोबत वाचू, मुदत निवृत्तीपलीकडे गेली असेल तर बँकेला द्यायचा अर्ज तिथेच लिहून देऊ. हप्ता झेपत नसेल तर थकण्याआधी बँकेत जाऊन बोलायचे असते, नोटीस आल्यावर पर्याय कमी उरतात. हे त्यांना वेळेत सांगायला कोणीतरी हवे.

आपल्या मुलांनी या गावात घरे घ्यावीत, त्यात सुखाने राहावे, यापेक्षा दुसरी इच्छा नाही. पण घर घेतल्याचा आनंद वास्तुशांतीच्या दिवशी मोजायचा नसतो. सातव्या वर्षी, दर चढलेले असताना, घरात एक पगार कमी असताना हप्ता भरून मुलाची फी भरता आली, तर ते घर खरे आपले. त्या सातव्या वर्षाची तयारी पहिल्या सहीच्या आधी करून देणे मंडळाला जमण्यासारखे आहे. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पहिला रविवार ठरवावा. माझ्या नावासमोर पहिली पाळी लिहून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक ज्येष्ठ सभासद, रायपूर